घन अवस्था द्रव्यसंशोधन व विद्यापीठीय नेतृत्व, नांदेड-लातूर परिसरातील

घन पदार्थांतील अणूंची मांडणी, त्यांच्यातील बंध आणि पदार्थाचे विद्युत्, चुंबकीय, प्रकाशीय इ. गुणधर्म यांचा परस्परसंबंध शोधून इष्ट गुणधर्मांचे पदार्थ तयार करणाऱ्या शास्त्रशाखेस घन अवस्था द्रव्यविज्ञान असे म्हणतात. भौतिकी, रसायनशास्त्र व धातुविज्ञान या तिन्हींच्या सीमा येथे एकमेकींत मिसळतात. मूलकणांच्या अभ्यासाला प्रचंड वेगवर्धक लागतात, खगोलीय निरीक्षणाला मोठ्या दुर्बिणी लागतात. घन अवस्थेतील कित्येक महत्त्वाचे प्रश्न मात्र एक अचूक तराजू, एक भट्टी आणि क्ष-किरण विवर्तनाची सोय एवढ्यावर हाती घेता येतात. भारतातील प्रादेशिक विद्यापीठांत भौतिकी व रसायनशास्त्र या विभागांचे संशोधन मोठ्या प्रमाणावर या शाखेत का एकवटले, याचे मुख्य कारण हेच होय. मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे याचे चांगले उदाहरण आहेत. या शाखेत वाढलेल्या प्राध्यापकाची कारकीर्द पुढे विभागप्रमुख, प्राचार्य, अधिष्ठाता वा कुलगुरू या पदांपर्यंत जाते, तेव्हा संशोधन व प्रशासन यांचा जो संबंध येतो, त्याचाही विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

शैक्षणिक पार्श्वभूमी : १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात समाविष्ट होईपर्यंत मराठवाड्यातील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी (स्थापना १९१८) निगडित होते आणि त्याचे माध्यम उर्दू होते. मराठी भाषक ग्रामीण विद्यार्थ्याला विज्ञानाची पदवी ही त्यामुळे दुहेरी दूरची गोष्ट होती : अंतराने दूर आणि भाषेनेही दूर. स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांच्या प्रेरणेने नांदेड येथे १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व सुंदरराव रामराव डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्यानंतर लातूरचे दयानंद महाविद्यालय (१९६१), नांदेडचे यशवंत महाविद्यालय (१९६३), लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) अशी महाविद्यालये निघत गेली. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला.

नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. नांदेड, लातूर, परभणी व (१९९९ मध्ये परभणीतून निघालेला) हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरी येथे असून लातूर येथे उपकेंद्र आहे. एकेका विषयाच्या स्वतंत्र विभागाऐवजी संबंधित विषयांची ‘संकुले’ करण्याची पद्धत या विद्यापीठाने स्वीकारली. द्रव्यविज्ञानासारख्या सीमेवरील शाखेला अशी रचना सोयीची ठरते. कारण भौतिकीच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील काचसामान, भट्टी व रसायने यांच्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक होते व त्यापूर्वी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक-प्राचार्य होते. नव्या विद्यापीठाला प्रारंभी विशिष्ट शास्त्राच्या तज्ञापेक्षा संस्था उभारणारा माणूस अधिक लागतो, हे या निवडीवरून दिसते.

फेराइटे : मराठवाड्यातील विद्यापीठीय विभागांत व नांदेड, लातूर, उदगीर येथील महाविद्यालयांत घन अवस्थेवर जे संशोधन झाले, त्याचा फार मोठा भाग फेराइटांविषयी आहे. लोहाचे ऑक्साइड व दुसऱ्या एखाद्या धातूचे ऑक्साइड यांच्या संयोगाने बनणाऱ्या, मृत्तिकेसारख्या कठीण व ठिसूळ अशा चुंबकीय पदार्थांना फेराइटे म्हणतात. योगोरो काटो व ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये टोकिओ येथे त्यांचा औद्योगिक दृष्टीने पाया घातला आणि नेदर्लंड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या ट्रँझिस्टर रेडिओतील आकाशक म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी दांडी असे, ती फेराइटाचीच.

लोखंडही चुंबकीय असताना फेराइटाची गरज का भासते, याचे उत्तर विद्युत् रोधकतेत आहे. प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या लोखंडी गाभ्यात भोवरा प्रवाह निर्माण होतात व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कंप्रता जितकी जास्त तितका हा व्यय वाढतो. निकेल-जस्त फेराइटाची रोधकता लोखंडाच्या अब्जावधी पट असल्याने त्यात असे प्रवाह जवळजवळ निर्माणच होत नाहीत. त्यामुळे उच्च कंप्रतेच्या रोहित्रांपासून सूक्ष्मतरंग उपकरणांपर्यंत फेराइटांना पर्याय सापडलेला नाही.

बहुसंख्य फेराइटांची संरचना स्पिनेल या खनिजासारखी असते. ही संरचना १९१५ मध्ये ब्रॅग आणि निशिकावा यांनी स्वतंत्रपणे उलगडली. तिच्या घनाकार एकक कोष्ठिकेत ऑक्सिजनाचे ३२ आयन असतात. त्यांच्यामधील पोकळ्या दोन प्रकारच्या होत : चार ऑक्सिजन आयनांनी वेढलेल्या चतुष्फलकीय जागा (एकूण ६४, पैकी ८ भरलेल्या) आणि सहा ऑक्सिजन आयनांनी वेढलेल्या अष्टफलकीय जागा (एकूण ३२, पैकी १६ भरलेल्या). कोणता धातू कोणत्या जागी बसतो यावर पदार्थाचे चुंबकत्व अवलंबून असते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ मध्ये दाखविले की, या दोन प्रकारच्या जागांवरील आयनांची चुंबकीय परिबले परस्परविरुद्ध दिशांना असतात व पदार्थाचे निव्वळ चुंबकत्व म्हणजे त्यांची वजाबाकी होय. याला फेरीचुंबकत्व म्हणतात. नेएल यांना १९७० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या वजाबाकीतून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. निकेल फेराइटात निकेलाचे आयन (प्रत्येकी परिबल सु. २ बोर मॅग्नेटॉन) अष्टफलकीय जागी असतात आणि लोहाचे आयन (प्रत्येकी ५) दोन्ही जागी सम प्रमाणात विभागलेले असतात. लोहाची परिबले एकमेकांस छेदतात आणि २ एवढेच शिल्लक राहते. आता निकेलाचा काही अंश काढून त्याऐवजी जस्त घातले, तर जस्ताला स्वतःचे चुंबकीय परिबल नसल्यामुळे चुंबकत्व घटेल असे वाटते. प्रत्यक्षात ते वाढते. कारण जस्ताला चतुष्फलकीय जागा पसंत असल्याने ते तेथील लोहाला अष्टफलकीय जागी ढकलते. वजा होणारी बाजू दुबळी होते आणि उरलेली बाजू सबळ होते. जस्ताचा अंश ०·४ असता गणिताने परिबल सु. ५·२ येते, म्हणजे मूळच्या अडीचपटीहून जास्त. तथापि जस्ताचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेल्यावर दोन्ही जागांमधील बांधणी सैल होते, परिबले तिरकी होतात (याचे विवरण याफेट व किटल यांनी १९५२ मध्ये केले) आणि चुंबकत्व उतरू लागते. शुद्ध जस्त फेराइट नेहमीच्या तापमानास चुंबक म्हणून निरुपयोगीच असते.

एका धातूच्या जागी दुसरा धातू थोडा थोडा घालीत जाणे व प्रत्येक टप्प्यावर गुणधर्म मोजणे, ही या संशोधनाची नेहमीची रीत आहे. बाहेरून ती यांत्रिक वाटते व पुष्कळदा ती यांत्रिक होतेही; परंतु वरील उदाहरणावरून तिच्या मुळाशी केवढा विचार आहे हे लक्षात येईल.

निर्मिती : फेराइटे तयार करण्याची जुनी पद्धत मृत्तिकाशिल्पासारखी आहे. धातूंची ऑक्साइडे योग्य प्रमाणात मिसळून खलात तासन्‌तास घोटतात, त्यांच्या वड्या दाबून सु. १,१०० ते १,३०० से. तापमानाच्या भट्टीत कित्येक तास भाजतात, पुन्हा कुटतात व पुन्हा भाजतात. यासाठी अखंडित वीज लागते. महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकात ग्रामीण व निमशहरी भागांत दीर्घ भारनियमन होत असे, तेव्हा चोवीस तासांच्या भाजणीचा प्रयोग मध्येच थांबणे म्हणजे नमुना फुकट जाणे होते.

याच सुमारास सॉल-जेल स्वयंज्वलन पद्धती भारतीय विद्यापीठांत रूढ झाली. तीत धातूंची नायट्रेटे व सायट्रिक अम्ल पाण्यात विरघळवितात, अमोनियाने विद्रावाचे पीएच मूल्य ७ च्या आसपास आणतात आणि विद्राव सु. ८०°–१०० से. तापमानास ढवळीत आटवितात. प्रथम चिकट जेल बनते. ते आणखी तापविताच आपोआप पेट घेते आणि मिनिटभरात फुगीर, राखेसारखी भुकटी मागे राहते. नायट्रेट हे येथे ऑक्सिडीकारक व सायट्रिक अम्ल हे इंधन असते; लागणारी उष्णता ज्वलनातूनच मिळते. मग त्या भुकटीची काही तास माफक तापमानास भाजणी केली की काम भागते. कण नॅनोमीटर मापाचे मिळतात, धातूंचे मिश्रण आयनांच्या पातळीवर झालेले असल्याने एकजिनसी असते आणि एवढे सर्व एका तापपट्टीवर व चंचुपात्रात होते. साधनांची उणीव असलेल्या प्रयोगशाळांना ही पद्धत वरदान ठरली, यात संशय नाही. तिच्या सुलभतेची दुसरी बाजू पुढे येईल.

मापन : नमुन्याची पहिली कसोटी क्ष-किरण विवर्तन ही होय. तांब्याच्या लक्ष्यापासून मिळणाऱ्या १·५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांनी निकेल फेराइटाची सर्वांत तीव्र विवर्तन रेषा सु. ३५·७° ला, तर जस्त फेराइटाची सु. ३५·२° ला येते. जालकांक अनुक्रमे ८·३४ व ८·४४ अँगस्ट्रॉम असल्याचे त्यावरून निघते. जस्ताचा आयन मोठा असल्याने जालक किंचित फुगते व रेषा अर्ध्या अंशाहून कमी सरकते. या सरकण्यावरून जस्त खरोखर स्फटिकात शिरले की नुसते शेजारी पडून राहिले, हे कळते. रेषेच्या रुंदीवरून शेरर यांच्या सूत्राने (१९१८) स्फटिककणाचे आकारमान अजमावता येते. चुंबकन मोजण्यासाठी कंपन-नमुना चुंबकमापक, कणांच्या प्रतिमेसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि लोहाचा आयन नेमका कोणत्या जागी आहे हे जाणण्यासाठी मॉसबाउअर वर्णपटविज्ञान (परिणामाचा शोध १९५८) यांचा उपयोग करतात.

यांपैकी महागडी उपकरणे प्रत्येक विद्यापीठात असणे शक्य नाही व आवश्यकही नाही. विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांनी इंदूर येथे चालविलेले सामाईक संशोधन केंद्र, इंदूरमधीलच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-१ व इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन स्रोत आणि नवी दिल्लीचे आंतरविद्यापीठ वेगवर्धक केंद्र यांची दारे विद्यापीठीय संशोधकांना खुली आहेत. नमुना नांदेडात वा लातुरात तयार करावयाचा व मापन परगावी, असा व्यवहार त्यामुळे रूढ झाला. यात एक धोका आहे. मापन दुसऱ्याने करून दिले की विद्यार्थ्याच्या हाती आलेख येतो, उपकरण येत नाही. ते उपकरण कोठे चुकते हे त्याला कधीच कळत नाही. स्वतःच्या संकुलात निदान एक विवर्तनमापक असावा, असा आग्रह अनुभवी विभागप्रमुख धरतात तो याचसाठी.

उपकरण विकत घेणे हे कामाचे अर्धे अंगही नसते. क्ष-किरण नळी थंड ठेवण्यासाठी पाण्याचे अभिसरण लागते, विजेचा दाब स्थिर लागतो, खोली वातानुकूलित लागते, नळी निकामी झाल्यावर नवीसाठी निधी लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात उपकरणाच्या देखभालीचे गणित मुंबई-पुण्यापेक्षा वेगळे मांडावे लागते. अनुदान देणाऱ्या यंत्रणा मात्र खरेदीसाठी जितक्या तत्पर असतात तितक्या देखभालीसाठी नसतात.

नेतृत्व : घन अवस्थेच्या संशोधनातून विद्यापीठीय नेतृत्वाकडे गेलेल्यांची परंपरा महाराष्ट्रात ठळक आहे. व्ही. जी. भिडे यांनी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकीय प्रयोगशाळेत मॉसबाउअर वर्णपटविज्ञानाचे काम केले. चिं. ना. रा. राव व इतर सहकाऱ्यांसमवेत लँथॅनम कोबाल्टेट या पदार्थातील कोबाल्टाच्या आयनांचे तापमानानुसार होणारे परिवलन-स्थित्यंतर त्यांनी अभ्यासले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निबंध या विषयात आजही आधारभूत मानला जातो. पुढे १९८० नंतरच्या दशकात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक व द्रव्यविज्ञानाचे संशोधक अरुण निगवेकर (१९४२–२०२१) हे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेचे संस्थापक-संचालक, १९९८ ते २००० या काळात पुण्याचे कुलगुरू व नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. महाराष्ट्राबाहेर राव यांचेच उदाहरण सर्वांत मोठे : बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७६ मध्ये घन अवस्था व संरचनात्मक रसायनशास्त्राचा विभाग उभारून ते १९८४ ते १९९४ संस्थेचे संचालक राहिले आणि तरीही त्यांची प्रयोगशाळा बंद पडली नाही. हे अपवादात्मक होय. प्रशासनात गेलेल्या बहुतेकांचे संशोधन दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्यांच्या हाती जाते व मग विझते.

या शाखेतील माणसे प्रशासनाकडे का वळतात, याचे एक साधे कारण आहे. द्रव्यविज्ञानाचा गटप्रमुख सुरुवातीपासूनच लहानशा प्रमाणावर प्रशासक असतो. त्याला प्रकल्पाचा प्रस्ताव लिहावा लागतो, निविदा काढाव्या लागतात, सामाईक उपकरणाचे वेळापत्रक भांडणे न होऊ देता ठरवावे लागते आणि रसायनशास्त्रज्ञ, भौतिकीविद व अभियंता यांना एका टेबलाशी बसवावे लागते. कागद व पेन्सिल घेऊन एकट्याने काम करणाऱ्या सैद्धांतिक अभ्यासकाला ही सवय नसते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार कुलगुरूंची नियुक्ती शोध समितीच्या शिफारशीवरून कुलपती (राज्यपाल) करतात. मुदत पाच वर्षांची असून त्याच पदावर पुनर्नियुक्ती होत नाही. प्र-कुलगुरू आणि चार विद्याशाखांचे पूर्णवेळ अधिष्ठाते ही पदेही या अधिनियमाने निश्चित केली. अधिसभा, व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद यांतून प्रत्येक मोठा निर्णय जातो. पाच वर्षांत प्रयोगशाळेची इमारत उभी राहू शकते. संशोधनाची परंपरा उभी राहत नाही. शिवाय नांदेडच्या विद्यापीठाचा कुलगुरू हा विष्णुपुरी परिसरातील संकुलांचा जेवढा प्रमुख असतो त्याहून अधिक चार जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांचा, त्यांच्या परीक्षांचा व निकालांचा प्रमुख असतो. परीक्षांचे निकाल लांबले तर आंदोलन होते. विवर्तनमापक वर्षभर बंद राहिला तर कोणी विचारीत नाही. नेतृत्वाची खरी कसोटी या असमान दडपणाखाली प्रयोगशाळेचा वाटा राखण्यात असते.

अडचणी : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आवश्यक केले आणि २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन आणले. स्वयंज्वलन पद्धतीची सुलभता व निबंधसंख्येची निकड यांची येथे गाठ पडली. धातू बदलावा, प्रमाण बदलावे, तेच पाच आलेख काढावेत व निबंध पाठवावा, असे लेखन देशभर वाढले. मराठवाडाही त्याला अपवाद नाही. २०२२ च्या विनियमांनी प्रसिद्धीची ही अट काढून टाकली. फेराइटांचे संशोधन मात्र यामुळे निरर्थक ठरत नाही. धातूचे आयन कोणत्या जागी बसले हे ठरविण्याची काटेकोर पद्धत, नमुन्याची पुनरुत्पादनक्षमता व मापनातील अनिश्चितता यांचा प्रामाणिक उल्लेख, यांवरून चांगला प्रबंध व भरताड यांतील फरक परीक्षकास सहज कळतो.

दुसरी अडचण विद्यार्थ्यांच्या ओढीची आहे. बारावीच्या परीक्षांतील यशामुळे ‘लातूर पॅटर्न’ प्रसिद्ध झाला. विज्ञानाकडे येणारी या भागातील तरतरीत मुले वैद्यक व अभियांत्रिकीकडे वळतात. भौतिकी वा रसायनशास्त्र यांच्या एम्.एस्‌सी. वर्गात मुख्यतः शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलेमुली येतात. शिष्यवृत्ती मिळाली तरच त्यांना चार-पाच वर्षे संशोधनासाठी देता येतात. ती थकली की पहिला बळी प्रयोगाचाच पडतो. मराठीतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी निबंध लिहिणे हे नमुना बनविण्यापेक्षा जड जाते. चांगला मार्गदर्शक निबंधाचा पहिला खर्डा मराठीत मांडून घेतो व युक्तिवाद पक्का झाल्यावर भाषांतराकडे वळतो.

स्पिनेल फेराइटांखेरीज धातूंच्या ऑक्साइडांची तनुपटले, वायुसंवेदक, विद्युत् संवाहक बहुवारिके व अतिधारित्रांसाठी लागणारी द्रव्ये यांकडेही आता लक्ष वळले आहे. कोबाल्ट फेराइटाच्या नॅनोकणांना प्रत्यावर्ती क्षेत्रात उष्णता देऊन अर्बुदातील कोशिका नष्ट करण्याच्या उपचाराचा अभ्यास जगभर चालू आहे. सांडपाण्यातील रंगद्रव्ये शोषून घेतल्यावर चुंबकाने परत गोळा करता येणारी फेराइटे हा पाण्याची चणचण असलेल्या प्रदेशाच्या दृष्टीने अधिक जवळचा विषय असून त्यासाठी लागणारी साधने येथील प्रयोगशाळांच्या आवाक्यात आहेत.